आकडा कोणत्या घरचा?

मोरा हे उरणजवळचे बंदर. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी लाँच येथे लागते. बंदरात गाळ साचतो, त्यामुळे मोठ्या ओहोटीच्या वेळी लाँच काही काळ बंद ठेवावी लागते. म्हणून येथील माणसे घड्याळाबरोबर भरतीची वेळही पाहतात. याच मोरा गावातील एका शिक्षिकेने आम्हांला एक प्रश्न विचारला. त्या प्रश्नाच्या निमित्ताने हा लेख.

त्यांची धाकटी बहीण दुसऱ्यांदा गरोदर होती. पहिला मुलगा ४ किलो २०० ग्रॅमचा, रुग्णालयात जन्मलेला, सिझेरियनशिवाय. तरीही बहिणीचे म्हणणे ठाम होते: दुसरे बाळंतपण घरी. पहिल्या वेळी रात्रभर तिच्याजवळ घरचे कोणी येऊ दिले नव्हते, ओरडली म्हणून बोलणी बसली होती, आणि उताणे निजून राहण्याची सक्ती होती. सासरचे म्हणणे अगदी उलट. बाळ मोठेच असणार, तर सरळ तारीख घेऊन सिझेरियन करून टाकावे. शिक्षिकाबाईंनी दोन कात्रणे जमवली होती. एक इंग्लंडमधील संशोधनाचे, दुसरे गडचिरोलीतील. दोन्ही वाचून घरचे बाळंतपण सुरक्षित आहे असे वाटत होते. त्यांनी विचारले, ‘‘ही दोन्ही संशोधने खरी आहेत ना? मग तिने घरी का राहू नये?’’

आम्ही प्रसूतितज्ज्ञ नाही. पण पुरावा वाचणे हा आमचा रोजचा व्यवसाय आहे. दोन्ही संशोधने खरी आहेत, आणि तरीही त्यांतून तो निष्कर्ष निघत नाही. सासरच्यांच्या निष्कर्षालाही पुरेसा आधार नाही. हे कसे, ते पायरीपायरीने पाहू.

मोठे म्हणजे किती?

वैद्यकीय पुस्तकांत ४ किंवा साडेचार किलोंच्या वरच्या बाळाला मोठे म्हणतात. ही रेघ आखली गेली ती मुख्यतः पाश्चात्त्य देशांतील बाळांवरून. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतील बाळांची मोजमापे घेऊन ती इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या तुलनेत पूर्ण दिवसांच्या बाळांचे सरासरी वजन आपल्याकडे सुमारे २.७ किलो, तर तेथे सुमारे ३.५ किलो भरले. म्हणजे आपल्याकडचे ४ किलो २०० ग्रॅमचे बाळ सरासरीच्या दीडपटीहून अधिक होते. आपल्या अनेक स्त्रियांची उंची कमी असते हेही त्यात धरायला हवे.

पण वजन जन्ममार्गातून जात नाही, आकार जातो. येथे शिक्षकांना वर्गात करून घेता येईल असे एक गणित आहे. आकारमान हे लांबीच्या घनाच्या प्रमाणात बदलते. ठेवण तीच राहून बाळ ३ किलोंऐवजी ४ किलोंचे झाले, तर वजन तेहतीस टक्क्यांनी वाढते, पण रुंदी किती वाढते? १.३३ चे घनमूळ सुमारे १.१०, म्हणजे वाढ दहा टक्क्यांची. ऐकून वाटते तेवढा फरक रुंदीत पडत नाही. म्हणूनच पुष्कळ मोठी बाळे विनासायास जन्मतात.

या गणितातले ‘ठेवण तीच राहून’ हे शब्द मात्र फार महत्त्वाचे आहेत. आईला गरोदरपणात मधुमेह असला, तर जादा साखर वारेतून बाळाकडे जाते. बाळाचे शरीर जादा इन्सुलिन तयार करते आणि खांदे व धड यांवर चरबी साठते. डोके त्या मानाने वाढत नाही. अशा बाळाचे डोके सहज बाहेर येते आणि पुढचा खांदा आईच्या जघनास्थीमागे, म्हणजे ओटीपोटाखालच्या पुढच्या हाडामागे, अडकू शकतो. वजन तेच असले तरी या बाळाचा धोका वेगळा असतो.

म्हणून ‘बाळ किती मोठे होते?’ याआधी ‘ते मोठे का झाले?’ हे विचारायला हवे. आपल्या देशात २०१४ पासूनच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे प्रत्येक गरोदर स्त्रीची यासाठी तपासणी व्हायची असते. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देऊन दोन तासांनी रक्तातील साखर मोजतात. उपाशीपोटी यावे लागत नाही. साखर १४० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक असली, तर गरोदरपणातील मधुमेह समजतात. पहिल्या भेटीत एकदा आणि चोविसाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यांत पुन्हा, अशी ही साधी तपासणी आहे. आधीचे बाळ मोठे असलेल्या स्त्रीने ती चुकवता कामा नये.

सासरच्यांचा युक्तिवाद

आता ‘बाळ मोठे, म्हणून सिझेरियन’ हे सूत्र तपासू. सोनोग्राफीच्या यंत्रात वजनकाटा नसतो. डोके, पोटाचा घेर आणि मांडीचे हाड यांची मापे घेऊन सूत्राने वजनाचा अंदाज काढतात. तो दहा-पंधरा टक्क्यांनी चुकणे ही नित्याची गोष्ट आहे. ४ किलो असे सांगितलेले बाळ साडेतीन किलोंचे निघू शकते, तसे साडेचारचेही.

अंदाज बरोबर निघाला असे मानले तरी प्रश्न सुटत नाही. अडीच ते चार किलोंच्या बाळांत खांदा अडकण्याचे प्रमाण साधारण शेकडा एक मानले जाते. चार ते साडेचार किलोंच्या बाळांत ते शेकडा पाच ते नऊ सांगितले जाते. आता समजा, १००० बाळंतपणांपैकी ९०० बाळे चार किलोंच्या आतली आणि १०० त्यावरची आहेत. पहिल्या गटात नऊ खांदे अडकतील, दुसऱ्या गटात सात. धोका मोठ्या बाळाला कितीतरी अधिक, पण अडकलेल्या सोळा खांद्यांपैकी नऊ ‘लहान’ बाळांचे! आपल्याकडे तर चार किलोंवरची बाळे शेकडा दहा नसतातच. म्हणजे मोठी बाळे वगळली तरी संकट वगळले जात नाही. ते ज्या खोलीत येईल तेथे ते ओळखणारी आणि सोडवणारी माणसे असणे, हाच खरा उपाय उरतो.

शिवाय अडकलेला प्रत्येक खांदा कायमची इजा करत नाही. अमेरिकेतील ड्वाइट राउझ आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये हिशेब मांडला. मधुमेह नसलेल्या स्त्रियांत, साडेचार किलोंच्या वरचा अंदाज आला की सिझेरियन करायचे असे धोरण ठेवले, तर हाताच्या मज्जातंतूंची एक कायमची इजा टाळण्यासाठी ३६९५ सिझेरियन करावी लागतील असे त्यांच्या गणितात निघाले. मधुमेह असलेल्या स्त्रियांसाठी हाच आकडा ४४३ होता. मोठेपणापेक्षा मोठेपणाचे कारण अधिक सांगते, याची ही दुसरी साक्ष. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील एका मोठ्या चाचणीत, बाळ मोठे वाटत असताना अडतिसाव्या आठवड्यात कळा सुरू करून दिलेल्या गटात खांदा अडकण्याचे प्रमाण २.३ टक्के होते आणि नेहमीच्या पद्धतीने वाट पाहिलेल्या गटात ३.१ टक्के. दोहोंतला हा फरक सांख्यिकीय दृष्ट्या ठाम नव्हता. थोडक्यात, मधुमेह नसताना केवळ वजनाच्या अंदाजावर शस्त्रक्रियेची तारीख घेणे हे विज्ञानाचे फर्मान नव्हे.

इंग्लंडचे घर

शिक्षिकाबाईंचे पहिले कात्रण होते २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बर्थप्लेस’ अभ्यासाविषयी. हा अभ्यास उत्तम आहे. कमी जोखमीच्या ६४,५३८ स्त्रियांची त्यात नोंद होती. कळा सुरू होताना जेथे प्रसूती ठरली होती ते स्थळ धरून हिशेब मांडला होता. म्हणजे घरी सुरू झालेले आणि अडचण आल्याने रुग्णालयात संपलेले बाळंतपण ‘घर’ याच खात्यात मोजले. ही शिस्त फार मोलाची. बाळाचा मृत्यू, मेंदूला इजा, हाताच्या मज्जातंतूंची इजा, खांद्याच्या वा दंडाच्या हाडाचे मोडणे, असे दुष्परिणाम एकत्र मोजले गेले. पहिलटकरणींत घरी ठरवलेल्या प्रसूतीत असे दुष्परिणाम हजारी ९.३ होते, तर रुग्णालयात ५.३. आधी बाळंत झालेल्या स्त्रियांत मात्र स्थळामुळे लक्षणीय फरक दिसला नाही. कात्रणात आले होते ते हे शेवटचे वाक्य.

त्या वाक्यामागे काय उभे आहे? एक, ज्यांना तेथील मार्गदर्शक सूचना रुग्णालयातच जा असे सांगतात, त्या स्त्रिया ‘कमी जोखमी’च्या गटात धरलेल्याच नव्हत्या. मधुमेह आणि पूर्वी खांदा अडकलेला असणे या दोन्ही गोष्टी त्या यादीत आहेत. आधीचे बाळ साडेचार किलोंहून मोठे असेल, तर त्या सूचनांप्रमाणे स्थळाचा विचार त्या स्त्रीपुरता स्वतंत्रपणे करायचा असतो. दोन, घरी येणारी प्रसाविका रीतसर शिकलेली, परवाना असलेली, प्राणवायू आणि रक्तस्रावावरची औषधे बाळगणारी असते, आणि ती सरकारी आरोग्यसेवेचाच भाग असते. तीन, दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या स्त्रियांपैकीही शेकडा बारा जणींना घरातून रुग्णालयात हलवावे लागले. ते हलवणे शक्य होते, म्हणूनच फरक दिसला नाही.

म्हणजे त्या अभ्यासात ‘घर’ या शब्दाचा अर्थ चार भिंती असा नाही. घर अधिक प्रसाविका अधिक रुग्णवाहिका अधिक वाट पाहणारे रुग्णालय, असा तो अर्थ आहे. आपल्याकडे प्रसाविकांच्या स्वतंत्र सेवेची मार्गदर्शक तत्त्वे केंद्र सरकारने २०१८ मध्ये काढली. त्यांतील प्रसाविका-कक्ष रुग्णालयांशी जोडलेले आहेत. घरोघरी जाणारी तशी सरकारी प्रसाविका मोरा येथे मिळणार नाही. मग इंग्लंडचा आकडा येथल्या घराला कसा लागू करायचा? अवजड सामान उचलणाऱ्या क्रेनची ताकद सांगायची आणि दोरी मात्र घरची वापरायची, असे ते होईल.

गडचिरोलीचे घर

दुसरे कात्रण आपल्या मातीतले, म्हणून अधिक आपलेसे वाटणारे. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेण्याची पद्धत उभी केली. गावातल्याच स्त्रियांना शिकवून आरोग्यदूत केले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे, तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांच्या मानाने तेथील नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटला. हे काम जगभर नावाजले गेले, आणि ते योग्यच झाले.

पण या अभ्यासाने घर आणि रुग्णालय यांची तुलना केलीच नव्हती. तेथे बाळंतपणे घरीच होत होती. ‘घरी जन्मलेल्या बाळाला कसे वाचवावे?’ हा प्रश्न होता, ‘कोठे जन्मावे?’ हा नव्हे. जंतुसंसर्ग, गारठा, श्वास न घेणे, स्तनपानातील अडचणी यांवर तेथे उपाय झाले. आईच्या हाडामागे अडकलेला खांदा हा त्या उत्तराचा विषयच नव्हता.

त्याच गावांतला दुसरा अभ्यास कात्रणात आला नव्हता, आणि आमच्या प्रश्नाला तोच अधिक जवळचा आहे. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी ७७२ स्त्रियांची बाळंतपणात आणि बाळंतपणानंतर घरी जाऊन पाहणी केली. २००४ मध्ये ती प्रसिद्ध झाली. सुमारे ९५ टक्के स्त्रिया घरीच बाळंत झाल्या होत्या. कळा लांबणे १०.१ टक्के, बाळ आडवे-पायाळू असणे ४ टक्के, प्रसूतीनंतर लगेच अतिरक्तस्राव ३.२ टक्के. घरी बाळंत झालेल्यांपैकी १५.३ टक्के स्त्रियांना तातडीच्या प्रसूतिसेवेची गरज असू शकत होती. म्हणजे साधारण सातांत एक. यांतील बहुतेकींचे आधीचे बाळ मोठे होते असे नाही, त्या सरसकट सर्व स्त्रिया होत्या. ज्या संस्थेच्या नावाने घराची बाजू मांडली जाते, तिनेच हा आकडा प्रामाणिकपणे मोजून ठेवला आहे.

सीमाभागातील बेळगाव जिल्ह्यातली एक चाचणीही येथे आठवते. मोठ्या बाळाने ताणलेले गर्भाशय नंतर नीट आकुंचन पावत नाही आणि रक्तस्राव वाढू शकतो, म्हणून तिचा संबंध. घरी किंवा उपकेंद्रात परिचारिका-प्रसाविकेच्या हातून बाळंत होणाऱ्या १६२० स्त्रियांत, मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांनी अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. ही चाचणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. गोळी उपयोगी आहे, पण ती देणारी शिकलेली परिचारिका तेथे होती, आणि गोळी देऊनही रक्तस्राव झालेल्या स्त्रिया उरल्याच.

काही मिनिटे

खांदा अडकतो तेव्हा नेमके काय होते? डोके बाहेर येते आणि पुन्हा आत ओढल्यासारखे होते. धड आत आवळलेले असल्याने बाळाला श्वास घेता येत नाही. नाळ दाबली जाते. प्राणवायू संपत जातो, आणि हातात असतात ती काही मिनिटेच. अशा वेळी दोघींनी आईच्या मांड्या पोटाकडे दुमडून धरायच्या आणि तिसरीने जघनास्थीच्या लगेच वर दाब द्यायचा, ही पहिली कृती. आईला हातागुडघ्यांवर ओणवे करणे ही दुसरी. ही दुसरी कृती अमेरिकेतील आयना मे गॅस्किन या सुईणीने बेलीझ देशातील एका सुईणीकडून शिकून घेतली, आणि ती मूळची ग्वाटेमालातील स्त्रियांची. परंपरेकडे शिकण्यासारखे काही नसते, असे आम्ही म्हणणार नाही.

पण काय करू नये हेही तितकेच ठाऊक हवे. मान धरून ओढू नये आणि पोटावर वरून जोर देऊ नये. वरून दाबल्याने खांदा हाडावर आणखी घट्ट बसतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या शिफारशींत बाळंतपणात पोटावर असा दाब देणे नाकारले आहे. ही सवय काही सुईणींना असते, तशी काही प्रसूतिगृहांतही दिसते.

आणि या मिनिटांत मोरा येथून कोठे पोचता येईल? महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून आहे. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला आणि उरणची रेल्वेही सुरू झाली. ही प्रगती मोठी आहे. कळा लांबल्या तर ती उपयोगी पडेल. रक्तस्रावात कदाचित उपयोगी पडेल. अडकलेल्या खांद्याला मात्र कोणताही पूल पुरेसा जवळ नसतो.

तक्रार खरी आहे

येथवर वाचून ‘म्हणून गप्प रुग्णालयात जा’ असा निष्कर्ष काढला जाईल, तर तो अर्धवट ठरेल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात २००५-०६ मध्ये ६४.६ टक्के बाळंतपणे संस्थांमध्ये होत होती, २०१९-२१ मध्ये ९४.७ टक्के. बाई दारात पोचली एवढे या आकड्याने कळते. आत तिच्याशी कसे वागले गेले, ते कळत नाही. जवळ सोबतीण असणे, उताणे न निजता सोयीच्या स्थितीत कळा देणे, गरज नसताना टाके न घालावे लागणे, या तिच्या मागण्या लाड नव्हेत. २०१८ च्या त्याच शिफारशींत त्या आहेत. आपल्याकडच्या प्रसूतिकक्षांच्या सुधारणेसाठी २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमातही सन्मानाची वागणूक हा भाग आहे. जी स्त्री घर मागते ती पुष्कळदा चार भिंती मागत नसते, ओळखीचा हात मागत असते. तो हात रुग्णालयाने बाहेर अडवला, तर तिच्या निर्णयाचा दोष तिच्या एकटीच्या पदरात टाकता येत नाही.

आम्ही शिक्षिकाबाईंना उत्तर दिले नाही, चार प्रश्न दिले. मधुमेहाची तपासणी झाली का आणि किती साखर आली? मागच्या वेळी डोके बाहेर आल्यावर खांद्याला वेळ लागला होता का, आणि नंतर रक्त फार गेले होते का? जेथे जायचे तेथे रात्री भूलतज्ज्ञ आणि रक्त मिळते का? आणि बहिणीला सोबत राहू देतील का, हे आधी विचारून ठेवले का?

त्यांनी जुने कार्ड शोधून काढले. त्यावर एवढेच होते: नॉर्मल, मुलगा, ४.२ किलो. ज्या माहितीवर सारा निर्णय अवलंबून होता, ती कोणी लिहिलीच नव्हती. मग त्यांनी बहिणीलाच विचारले. ती म्हणाली, ‘‘डोकं आलं गं, आणि मग सगळ्याजणी धावत आल्या. एकीनं वरून दाबलं. बाळ रडलं नाही लगेच. मला वाटलं, सगळ्यांचं असंच होतं.’’

सहा वर्षे हे तिला कोणी विचारले नव्हते, आणि तिनेही सांगितले नव्हते. तपासणाऱ्या डॉक्टरांपुढे आता ते गेले आहे. घरचा बेत तिने आपणहून सोडला. सोबतीची अट मात्र सोडलेली नाही. तिच्या बोलण्यातली ती चार वाक्ये शिक्षिकाबाईंनी वहीच्या कागदावर तारीख घालून लिहिली आणि कार्डाला टाचून ठेवली.